रिसालदारांच्या घराचं आयुष्य

ग्वाल्हेरचा दगड सकाळच्या पूजेपर्यंत माणसासारखा वागतो, त्यानंतर त्याचा तवा होतो. लष्कर भागातल्या आमच्या घराचं परस त्याच दगडाच्या फरशांचं, चांगलं लांबलचक, आणि त्याच्या पार टोकाला नाला. कैऱ्यांच्या दिवसांत आईचा हुकूम असायचा की बरण्यांतलं मिठाचं जुनं पाणी थेट त्या नाल्यात नेऊन ओतायचं. वाटेत सांडायचं नाही, मोरीत नाही, तुळशीच्या आसपास तर मुळीच नाही. "मीठ सगळं खातं," आई म्हणायची, "चुना खातं, झाड खातं, लोखंड खातं." हे काम माझ्याकडे होतं, आणि मी फार हुशार मुलगी होते. निदान माझं तसं ठाम मत होतं. कोठीच्या खोलीत, बरण्यांच्या घडवंचीमागे, भिंतीच्या पायाशी उंदराचं एक बीळ मी शोधून काढलं होतं. त्यात पाणी ओतलं की ते गुटगुट आवाज करत पिऊन टाकायचं आणि पुन्हा आ वासून बसायचं. तांब्याभर प्यायचं, कळशीभर प्यायचं, ढेकर म्हणून नाही. उन्हात पाय भाजून घेणारे लोक मूर्ख असतात असं मला तेव्हा वाटे. रिकामी कळशी हलवत, तोंडाने "हाश्श हुश्श" करत मी परत यायची आणि आई म्हणायची, "दमली गं बाई माझी, घे, खोबऱ्याची वडी घे." ती वडीसुद्धा मी खायची.

आणि पाणी काही थोडंथोडकं नव्हतं. आमची कोठी गल्लीत सगळ्यात थंड, म्हणून आजूबाजूच्या चार मराठी घरांच्या कैऱ्या, लिंबं, आवळे, मिरच्या आमच्याकडेच खारवायला ठेवलेल्या असायच्या. खोलीत पाऊल टाकलं की नाकाला झिणझिण्या यायच्या. लिंबांच्या बरणीत आई हळद आणि ओवा घालायची, त्यामुळे ते पाणी पिवळं आणि सुगंधी असे. ते ओतताना मला जरा वाईट वाटे, म्हणून मी आधी दोन घोट पिऊन घ्यायची. बाकीचं बिळाला. किती उन्हाळे हे चाललं ते मी मोजलेलं नाही. बिळात उंदीर होता की नाही हेही मला माहीत नाही. असला तर तो फार लवकर दुसरीकडे राहायला गेला असणार.

ती भिंत समाईक होती. पलीकडे रिसालदारांचं घर. कदम रिसालदार म्हणजे आमचे काकासाहेब. त्यांचे पणजोबा घोड्यावर बसून दक्षिणेतून इकडे आले आणि इथेच राहिले, जसे आमचे पोथी बगलेत मारून आले तसेच. काकासाहेब संस्थानाच्या रिसाल्यात होते. घरात काकीसाहेब, माझ्याच वयाची तारा, आणि खाली तबेल्यात लाडो नावाची तांबडी घोडी. आमच्या कोठीची भिंत ती त्यांच्या तबेल्याची भिंत. बरण्या ठेवताना मला पलीकडून लाडोचं फुरफुरणं ऐकू यायचं, आणि भाजीला फोडणी बसली की तीही खोकायची. काकीसाहेबांकडे रविवारी मटण शिजायचं. त्या दिवशी तात्या सोवळं आवरून मुद्दाम पुढच्या ओसरीवर बसायचे आणि मी मुद्दाम कोठीत.

तात्या म्हणजे माझे थोरले काका, वडिलांचे मोठे भाऊ. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं, आमच्यातच राहायचे. दरबारच्या एका देवळाची पूजा आणि पंचांग त्यांच्याकडे होतं, वर्षासन होतं, सणावारी दरबारातून पानसुपारी यायची. मग संस्थान विलीन झालं. ह्या शब्दाचा अर्थ मला इतकाच कळला होता की नाना, म्हणजे माझे वडील, आता सहा महिने घरी नसतात. नव्या राज्याला दोन राजधान्या होत्या, हिवाळ्यात आमचं गाव आणि उन्हाळ्यात इंदूर. मग उन्हाळा लागला की दप्तरं, टाइपरायटर, कपाटं आणि नाना असं सगळं सामान इंदूरला जायचं. तात्यांचं वर्षासन कुठल्याशा चौकशीत अडकलं. काकासाहेबांचा रिसाला मोठ्या फौजेत मिसळला आणि जे वयानं पुढे गेले होते त्यांना घरी बसवलं. काकासाहेब घरी बसले म्हणजे खरोखरच बसले. सकाळी लाडोला खरारा करायचा, तिची नाल बघायची, आणि मग दिवसभर ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचं, "क्यों भई, क्या खबर?"

साताऱ्याकडे त्यांचा चुलतभाऊ होता. तो बोलावत होता, थोडी जमीन आहे, या म्हणून. काकासाहेबांचं मन होईना. "आमचं तिथं कोण आहे, तात्यासाहेब?" ते म्हणायचे. "तीन पिढ्यांत कोणी गेलं नाही. तारी तर मराठीत सुरू करते आणि हिंदीत उतरते. तिथली पोरं हसतील तिला." काकीसाहेबांना तर हे घर म्हणजे जीव. लग्न होऊन त्या ह्याच उंबऱ्यावरून आत आल्या होत्या, आणि दर दिवाळीला ओटा स्वतः गेरूने सारवायच्या, बाई लावायच्या नाहीत.

त्याच सुमारास लाडो भिंत चाटायला लागली.

आधी आम्हा पोरींना गंमत वाटली. तिची जीभ खरखर आवाज करत दगडावरून फिरायची, डोळे अर्धे मिटलेले, जणू जत्रेत कुल्फी खातेय. मग भिंतीचे पोपडे सुटायला लागले. पांढरी बुरशीसारखी लव यायची, तिच्याखाली दगड हाताला पिठासारखा लागायचा. घोडी चाटून चाटून खोलगट करायची, आणि खाली लाल भुगा पडायचा. एक दिवस वरच्या पटियाखालचा, म्हणजे छताच्या दगडी फरशीखालचा, एक दगडच निखळून लाडोच्या खुराशी पडला. वर काकीसाहेबांचं देवघर. देवघराच्या फरशीला केसाएवढी चीर गेली, आणि काकीसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. गल्लीत बातमी झाली की रिसालदारांची घोडी घर खाते आहे. घोडीनं घर खाणं हा कसला अपशकुन हे कोणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे तो फार मोठा असणार ह्यावर सगळ्यांचं एकमत झालं.

काकासाहेबांनी तात्यांना बोलावणं पाठवलं, आणि तेही रीतसर, तबकात पानसुपारी घेऊन स्वतः दाराशी आले. तात्यांना कोणी असं बोलावून किती दिवस झाले होते. त्यांनी ठेवणीतली पगडी काढली. आई मला म्हणाली, "जा गं बरोबर, दोरी धरायला."

घरालाही माणसासारखं आयुष्य असतं आणि ते मोजता येतं, ही विद्या आमच्या घरात चालत आलेली. घरधन्याच्या कोपरापासून बोटापर्यंतचा हात हे माप. त्या मापाने लांबी-रुंदी मोजायची, गुणायचं, मग ठरलेल्या आकड्यांनी गुणून-भागून जे उरेल त्यावरून घराची कमाई, खर्च, नक्षत्र आणि शेवटी वय काढायचं. मी दोरीचं टोक धरून फिरले. मनात एक प्रश्न आला होता की काकासाहेबांच्या जागी मी घरधनी असते तर माझ्या आखूड हाताने घर जास्त जगलं असतं का. पण तो मी विचारला नाही, कारण त्या दिवशी तात्या फार सुंदर दिसत होते. आवाज खणखणीत, पाठ ताठ. पाटीवर आकडे मांडले, पुसले, पुन्हा मांडले. मग खडू खाली ठेवून म्हणाले, "रिसालदार, बाकी शून्य येते. घराचं आयुष्य सरलं आहे. घोडी मुकं जनावर, तिला आपल्याआधी कळलं."

काकीसाहेब आत गेल्या. काकासाहेबांनी विचारलं, "उपाय?"

"शांत करता येईल, पण शून्याचं काही करता येत नाही. चातुर्मासाच्या आत जागा सोडलेली बरी."

काकासाहेबांनी भिंतीवरून एकदा हात फिरवला. मग त्यांनी लाडोच्या मानेवर थाप मारली आणि हिंदीत तिलाच म्हणाले, "चलो बिटिया, हुकुम आ गया."

सराफ्यातला एक शेठ घर घ्यायला तयार झाला. तारा आमच्याकडे येऊन माझ्या आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मग तोंड धुऊन मला म्हणाली, "सुमे, चल ना, लाडोको देखते हैं. आता ती पण जाणार." आम्ही तबेल्यात गेलो. घोडी चाटतच होती. तारा म्हणाली, "काय असेल गं ह्या भिंतीत? लड्डू?" आणि मला नेहमीप्रमाणे शहाणपणा सुचला. मी म्हटलं, थांब, बघते. बोट ओलं केलं, भिंतीला लावलं आणि चाटलं.

ती चव मी आजही ओळखेन. आमच्या आत्ताच्या, हरिशंकरपुरमच्या घरात मधे बाथरूमच्या भिंतीला ओल आली, तर नात म्हणाली, "दादी, पाइप लीक है, प्लंबर को बुलाओ." प्लंबर यायच्या आधी मी हळूच बोट लावून चाखून पाहिलं. सूनबाईंनी पाहिलं. त्या दिवसापासून माझ्या गोळ्या ती स्वतः मोजून देते. असो. तबेल्यातली भिंत खारट होती. नुसती खारट नाही, मला त्यात ओवा लागला. आता वाटतं, दगडातून ओवा कसा येईल? तो भिंतीत नव्हताच, माझ्याच पोटात होता. पण त्या क्षणी मला सगळं कळलं. पलीकडे बरोबर त्याच जागी घडवंची, आणि तिच्यामागे ते बीळ. तारा विचारत होती, "क्या हुआ, मीठा है?" मी म्हटलं, "नाही, कडू आहे." आणि घरी पळाले.

मला वाटतं, दोन दिवस मी जेवले नाही. आईने नजर काढली. तिसऱ्या दुपारी तात्या ओसरीवर सुपारी कातरत होते, त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"तात्या, ती भिंत खारट आहे."

"तुला कसं कळलं?"

"चाटली."

अडकित्ता थांबला. "घोडीनं चाटली ती कमी होती काय?"

मग मी सगळं सांगितलं. नाला, ऊन, बीळ, खोबऱ्याची वडी. तात्यांनी अडकित्ता खाली ठेवला. उठले, कोठीत गेले, घडवंची एका हाताने सरकवली. बिळाच्या ओठांवर मिठाची पांढरी जाड किनार जमली होती, जणू त्याला मिश्या फुटल्या होत्या. तात्यांनी तांब्याभर पाणी घेऊन त्यात ओतलं. गुटगुट झालं. माझ्याशिवाय तो आवाज आजवर कोणी ऐकला नव्हता. तात्यांनी तांब्या पालथा ठेवला. मग बाहेर येऊन म्हणाले, "माझी पगडी द्या."

आई दारात उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. तिने मला एक चापट मारली आणि मग माझ्याकडे न बघता तात्यांना म्हणाली, "भावजी, एकदा तोंडातून गेलेलं परत घ्यायला जाऊ नका. बाकी सगळं गेलं, तुमचं नाव तेवढं उरलंय गल्लीत. पोरीला मी बघते. भिंत बांधून देऊ, हवं तर बांगड्या मोडते."

"नाव राहिलं तर त्याचं काय लोणचं घालू?" तात्या म्हणाले. "चल गं."

काकासाहेबांच्या घरात ट्रंका भरल्या जात होत्या. तात्या बसलेसुद्धा नाहीत. उभ्यानेच सांगितलं की माझं गणित चुकलं, गणिताची इथे गरजच नव्हती, ह्या कार्टीनं वर्षानुवर्षं भिंतीत मिठाचं पाणी ओतलंय, दगड बदला, चुना भरा, घर उभं राहील. मी मान खाली घालून रडत होते. मला मार हवा होता. इतक्या मनापासून मी मार कधीच मागितला नाही, आधीही नाही आणि नंतर लग्नातही नाही.

काकासाहेब ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांच्या मिशा हलायला लागल्या, आणि मग ते हसले. गेल्या कित्येक महिन्यांत हसले नव्हते तसे.

"तात्यासाहेब, बसा आधी. अहो, तुम्हाला खोटं बोलायची सवय नाही, म्हणून नीट जमत नाही तुम्हाला."

"खोटं कसलं? भिंत चाखून बघा."

"खारट लागणारच. घोड्यांचा तबेला आहे, घाम आणि मूत काय गोड असतं? तीन पिढ्यांचं मुरलंय." मग त्यांचा आवाज खाली आला. "आम्ही जाऊ नये म्हणून तुम्ही स्वतःचं शास्त्र खोटं पाडायला निघालात. बापानं केलं नसतं हे. पण ह्या लेकरावर कशाला घालता? हातभर पोर, ती काय दगडाचं घर पाडणार?"

"काकासाहेब, मी खरंच ओतलं," मी म्हटलं. "शपथ. बीळ दाखवते, चला."

काकीसाहेबांनी मला ओढून जवळ घेतलं आणि पदराने नाक पुसलं. "बघितलंत? हिला पण पढवून आणलंय. गुणाची गं पोर." आणि बत्तासे दिले. मूठ भरून. तात्यांनी आणखी दोनदा सांगून पाहिलं, हात जोडून सांगितलं. जितकं सांगत गेले तितके काकासाहेबांचे डोळे भरून आले. शेवटी त्यांनी वाकून तात्यांच्या पायाला हात लावला, आणि तात्या मला घेऊन घरी आले.

माझा मुलगा वकील आहे. तो म्हणतो, "आई, रिसाला गेला, पगार गेला, माणसाला जायचंच होतं. भिंत ही नुसती सबब." तो माझी बाजू फार छान मांडतो. मी त्याला फी देत नाही, म्हणून माझा त्याच्यावर विश्वास बसत नाही. मी पाहिलं होतं ना, तात्यांनी खडू ठेवला त्याच्या आदल्या संध्याकाळपर्यंत काकीसाहेब पुढच्या दिवाळीच्या गेरूची गोष्ट करत होत्या.

ते गेले. लाडो एका टांगेवाल्याला दिली. तात्यांनी त्यानंतर कोणाच्या घराचं वय सांगितलं नाही. कोणी विचारलं तर "डोळ्यांना दिसत नाही हल्ली" म्हणायचे, आणि सुईत दोरा मात्र ओवायचे. आईने बीळ चुन्याने बुजवलं. शेठला कोणीतरी शून्याबद्दल सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "पंडितजी का ज़ीरो पंडितजी रखें, हमें तो दुकान निकालनी है." त्याने मिठानं खाल्लेले दगड काढले, नवे बसवले, तबेल्याच्या जागी कापडाचं दुकान काढलं. आमचं स्वतःचं घर विकून, पाडून, त्यावर काचेची इमारत उभी राहिली. रिसालदारांचं घर अजून आहे. खाली आता मोबाइलचं दुकान, वर कोचिंग क्लास, आणि इंदरगंजकडून येताना त्याचा ओटा अजून दिसतो. मी रिक्षात असले तर त्या बाजूला बघत नाही. म्हणजे, बघते.

माझं लग्न झालं, मुलं झाली, मग एकदा पुतणीच्या लग्नाला साताऱ्याला जाणं झालं. पत्ता काढत काढत ताराकडे पोचले. तारा जाडजूड झाली होती, अस्सल साताऱ्याचं मराठी बोलत होती, आणि मला बघून एकदम हिंदीत ओरडली. काकासाहेब जाऊन बरीच वर्षं झाली होती. चुलतभावाने जमिनीचा एक तुकडा दाखवला आणि राहायला मागची एक खोली दिली होती. त्या खोलीत ते शेवटपर्यंत पाहुण्यासारखे राहिले, पायताण दारात नीट जोडून ठेवायचे, असं तारा म्हणाली. काकीसाहेब होत्या. खाटेवर इतक्याशा झालेल्या. मला जवळ बसवून माझा हात हातात धरून ठेवला आणि ताराच्या सुनेला, नातवंडांना, शेजारच्या बाईला बोलावून सांगितलं, "हीच ती. ग्वाल्हेरचे शेजारी कसे होते, तर आम्हाला थांबवायला शास्त्रीबुवा स्वतःचा शब्द मोडायला आले, आणि ही एवढीशी पोर खोटी शपथ घेऊन उभी राहिली. आमचे हे जाईपर्यंत येईल त्याला सांगायचे."

"काकीसाहेब, ते खरं होतं," मी म्हटलं. "मीच ओतायची."

"अजून तेच म्हणते," त्या शेजारणीला म्हणाल्या, आणि हसल्या. दात एकही नव्हता.

सुनेने पानं वाढली. मला पुरणपोळीवर दुप्पट तूप. मी खाल्लं. हात धुऊन परत येऊन बसले तेव्हा खोलीत आम्ही दोघीच होतो. काकीसाहेबांनी डोळे मिटले होते, मला वाटलं झोपल्या. मग न उघडताच त्यांनी विचारलं, "सुमे, ते घर पडलं असेल ना गं?"

त्यांची बोटं माझ्या मनगटावर होती आणि ती घट्ट झाली होती. मला ओटा दिसला, त्यावर बसलेली कोचिंगची पोरं दिसली, वरच्या खिडकीतला कूलर दिसला.

"पडलं, काकीसाहेब," मी म्हटलं.

"कधी?"

"तुम्ही गेलात, त्याच पावसात."

"देवघराकडून?"

"देवघराकडूनच. सगळं एकदम खाली आलं. रात्री कोणी असतं तर वाचलं नसतं."

त्यांनी मोठा श्वास सोडला. बोटं सैल झाली. "म्हणजे ह्यांनी बरोबरच केलं," त्या म्हणाल्या. "मी आयुष्यभर बोलत राहिले त्यांना, की उगाच सोडलं म्हणून." मग थोड्या वेळाने: "माझी ट्रंक उघड. खण असेल बघ त्यात. ताराकडून तुझी ओटी भरवते."

मी उठले आणि ट्रंक उघडली.